नुकसानीच्या वहीत न चढणारी रक्कम

शहराच्या कडेला, जिथे बैठ्या चाळी, पत्र्याची घरे आणि पुनर्वसनाच्या सात मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या असतात, तिथेही आता स्वयंसेवा पद्धतीची किराणा दुकाने पोहोचली आहेत. महिन्याच्या सात-आठ तारखेला पगार हाती पडला की या दुकानांच्या दाराशी गर्दी होते. धुणीभांडी करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, रिक्षाचालक, कारखान्यातील कंत्राटी कामगार असा सारा वर्ग तेल, साखर, डाळ, साबण घेण्यासाठी येतो. पंख्याखाली उभे राहून, छापील किंमत स्वतः वाचून, हवी ती वस्तू आपल्या हाताने उचलण्याची मुभा या वर्गाला पूर्वी क्वचितच मिळाली होती. या दुकानांचे हे ऋण मान्य करायलाच हवे.

परंतु या मुभेला दारातच एक अट जोडलेली असते. आत जाताना हातातली पिशवी जमा करावी लागते व बिल्ला घ्यावा लागतो. आत फिरताना कुणीतरी दोन पावले मागे असते. बाहेर पडताना पैसे चुकते झालेले असूनही बिल पुन्हा दाखवावे लागते. सुरक्षारक्षक वस्तू मोजतो, बिलावर शिक्का मारतो किंवा छिद्र पाडतो, आणि मगच वाट मोकळी होते. सुखवस्तू वस्तीतील दुकानात हाच सोपस्कार हसतमुखाने, ओझरत्या नजरेने उरकला जातो आणि गरीब वस्तीत मात्र तो झडतीचे रूप घेतो, असा अनेकांचा अनुभव आहे. "पिशवी उघड", "खिशात काय आहे?", "एवढा वेळ तिकडे काय करत होतीस?" हे एकेरी प्रश्न कुणाला विचारले जातात आणि कुणाला नाही, हे दाराशी दहा मिनिटे उभे राहिले तरी कळते.

चोरी होते, हे खरे आहे. चोरीने दुकानदाराचे नुकसान होते, हेही खरे आहे. मात्र त्या नुकसानीची नोंद ठेवणारी वही प्रत्येक दुकानात असते. अपमानित होऊन गेलेल्या ग्राहकाची नोंद ठेवणारी वही कुठेच नसते. या मासिकाच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत दुकानदारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्यांच्यासाठी हा प्रश्न जितका माणुसकीचा, तितकाच हिशेबाचाही आहे.

तागडीकडून पिशवीकडे

जुन्या किराणा दुकानाची रचना आठवून पाहावी. फळीच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे दुकानदार. मागे पोती, डबे आणि बरण्यांच्या रांगा. गिऱ्हाइकाने यादी सांगायची, नोकराने माल काढायचा, मालकाने तोलायचा आणि पुडी बांधून द्यायची. मालाला गिऱ्हाइकाचा हातच लागत नसल्यामुळे त्याच्यावर चोरीचा संशय घेण्याचे प्रसंग थोडे. संशयाची दिशा उलटी होती. गिऱ्हाइकाची नजर तागडीच्या काट्यावर असे. माप खोटे तर नाही, डाळीत खडे आणि तेलात भेसळ तर नाही, ही चिंता त्याची. सरकारचे कायदेही त्याच दिशेने झाले. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला, पुढे वजनमापांचे कायदे आले, आणि दुकानातील वजनांवर सरकारी शिक्का बंधनकारक झाला. समाजाच्या दृष्टीने सांभाळावा लागणारा पक्ष ग्राहकाचा होता.

त्या काळाचे गोडवेही फार गाऊ नयेत. उधारी थकली की चारचौघांत चार शब्द ऐकावे लागत. गावाकडच्या कित्येक दुकानांत अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाला पायरीखाली उभे राहावे लागे आणि पुडी वरून टाकली जाई. म्हणूनच भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला दुकानांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे लिहावे लागले. विहिरी, तलाव, रस्ते आणि उपाहारगृहे यांच्याबरोबर 'दुकान' हा शब्द देशाच्या मूलभूत कायद्यात आला. दुकानाच्या दारात माणसाला कसे वागवले जाते, हा प्रश्न घटनाकारांना किरकोळ वाटला नव्हता.

स्वयंसेवा पद्धतीचा उगम अमेरिकेतला. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने सप्टेंबर १९१६ मध्ये 'पिगली विगली' नावाचे दुकान उघडले आणि ग्राहकाच्या हाती टोपली देऊन त्याला फळ्यांमध्ये मोकळे सोडले. पुढच्या वर्षी या रचनेचे पेटंटही त्याने घेतले. नोकरांचा खर्च वाचला, माल स्वस्त झाला, आणि ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. पण त्या दुकानाची आखणी पाहिली तर आत शिरायला फिरते फाटक, ठरावीक दिशेने नेणारी वाट आणि बाहेर पडण्यापूर्वी रोखपालाचे टेबल. ग्राहकाचा हात मालापर्यंत पोहोचला, त्याच क्षणी दुकानाची नजर ग्राहकाच्या हातावर खिळली. तागडीवरची नजर पिशवीवर आली. आज आपल्या वस्त्यांतील दुकानांत जो पहारा दिसतो, त्याचे मूळ या अदलाबदलीत आहे.

नुकसानीचे गणित

किराणा व्यवसायात नफ्याचे प्रमाण फार कमी असते. समजा, शंभर रुपयांच्या विक्रीवर सारे खर्च वजा जाता दोन रुपये उरतात. अशा दुकानातून पन्नास रुपयांची एक वस्तू नाहीशी झाली, तर ती भरून काढण्यासाठी अडीच हजार रुपयांची विक्री व्हावी लागते. दुकानदाराची चिडचिड या आकड्यातून येते आणि ती समजण्यासारखी आहे.

पण वर्षाखेरीस साठा मोजल्यावर जी तूट निघते, ती सारी ग्राहकाच्या चोरीची नसते. पुरवठादाराने खोक्यात दोन नग कमी पाठवले, उतरवताना बाटल्या फुटल्या, उंदरांनी पोती फोडली, मुदत उलटलेला माल काढून टाकावा लागला, संगणकात एका वस्तूऐवजी दुसरीची नोंद झाली, गोदामातून कुणी नोकराने परस्पर माल लांबवला. ही सारी तूट एकाच आकड्यात एकत्र येते. तो आकडा किती तूट आली ते सांगतो. ती कुणामुळे आली, ते सांगत नाही. संशय मात्र दारातून जाणाऱ्या ग्राहकावर येतो, कारण तो समोर दिसतो आणि त्याच्या हातात पिशवी असते. गोदामाचे मागचे दार आणि खरेदीची चलने तपासणे अधिक कष्टाचे काम आहे.

आता दुसरी बाजू. वस्तीतील एक कुटुंब दरमहा चार हजारांचा किराणा भरते असे धरले, तर दहा वर्षांत ते चार लाख ऐंशी हजारांची खरेदी करते. त्याच दोन टक्क्यांनी दुकानाला या कुटुंबापासून नऊ हजार सहाशे रुपये निव्वळ मिळतात. म्हणजे पन्नास रुपयांच्या एकशे ब्याण्णव वस्तू. एका खोट्या आळाने हे कुटुंब दुकान सोडून गेले, तर चोरांना एकशे ब्याण्णव वेळा माल नेऊ दिल्याइतके नुकसान झाले. शिवाय चाळीत गोष्ट एका घरात राहत नाही. "माझ्या पोरीची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली" हे वाक्य पाण्याच्या नळावर सकाळी बोलले गेले की संध्याकाळपर्यंत ते चार गल्ल्या फिरते. साठ्याच्या तुटीत ही रक्कम दिसत नाही. विक्री घटली तर स्पर्धा वाढली, महागाई वाढली, अशी कारणे शोधली जातात.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. हातावर पोट असलेला माणूस महिन्याचा माल एकदम भरू शकत नाही. तो वरचेवर येतो, थोडे घेतो, लहान पुड्या घेतो, आणि किमतींची तुलना करत फळीसमोर जास्त वेळ थांबतो. कारण वीस रुपयांचा फरक त्याच्यासाठी फरक असतो. हिशेब चुकला तर एखादी वस्तू काउंटरवरून परतही ठेवतो. पहाऱ्याच्या नजरेला नेमकी हीच सारी लक्षणे संशयास्पद वाटतात. गरिबीने शिकवलेली काटकसर चोराच्या चाळ्यांसारखी दिसू लागते आणि निर्दोष माणूस पुन्हा पुन्हा थांबवला जातो.

एक बाटली संत्र्याचा रस

दुकानातील संशयाची किंमत कुठवर जाऊ शकते, याचे एक हृदयद्रावक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात नोंदलेले आहे. लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागात बहुसंख्य गरीब कृष्णवर्णीय वस्ती होती. मोठ्या दुकान-साखळ्यांनी तिथे पाय रोवलेले नव्हते. कोपऱ्याकोपऱ्यावरची लहान दुकाने बरीचशी कोरियाहून आलेल्या स्थलांतरित कुटुंबांनी चालवलेली होती. दिवसाचे चौदा-चौदा तास राबणारी ही कुटुंबे आणि त्यांचे ग्राहक, दोघेही कष्टकरी. पण भाषा वेगळी, रीती वेगळ्या, आणि मध्ये अविश्वासाची भिंत.

१६ मार्च १९९१ रोजी सकाळी लटाशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची मुलगी अशाच एका दुकानात गेली. एक डॉलर एकोणऐंशी सेंट किमतीची संत्र्याच्या रसाची बाटली तिने पाठीवरच्या पिशवीत ठेवली आणि ती काउंटरकडे आली. काउंटरवरील दुकानदार महिलेला ती चोरी वाटली. तिने मुलीला पकडले, झटापट झाली, मुलीने तिला मारले. त्यानंतर मुलीने बाटली काउंटरवर ठेवली आणि ती दाराकडे वळली. दुकानदार महिलेने पिस्तूल झाडले. गोळी मुलीच्या डोक्यात मागून लागली. ती जागीच मरण पावली. तिच्या हातात दोन डॉलर होते. दुकानातील कॅमेऱ्याने हा प्रसंग टिपला होता आणि चोरीचा प्रयत्न झालाच नव्हता, असा निष्कर्ष पोलिसांनी जाहीर केला.

या घटनेची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्या दुकानात पूर्वी चोऱ्या झाल्या होत्या, गुंडांच्या टोळीने त्या कुटुंबाला धमक्या दिल्या होत्या. दुकानदार महिलेच्या मनातील भीती खोटी नव्हती. पण ती भीती ज्यांनी निर्माण केली ते गुंड त्या सकाळी दुकानात नव्हते. समोर होती पैसे हातात घेऊन आलेली एक शाळकरी मुलगी. एका गटाविषयीची भीती त्या गटासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकावर लादली की काय होते, ते त्या मुलीच्या वाट्याला आले.

ज्युरीने आरोपीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. या गुन्ह्याला सोळा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. न्यायाधीशांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये पाच वर्षे देखरेखीखाली सुटका, चारशे तास समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड अशी शिक्षा दिली, कैद नाही. एप्रिल १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर सुमारे आठवड्याभराने, २९ एप्रिलला, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला मारहाण करणारे पोलिस सुटल्याची बातमी आली आणि शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली आणि कोरियन कुटुंबांच्या दोन हजारांहून अधिक दुकानांची लूट अथवा जाळपोळ झाली. त्यांतील बहुसंख्य दुकानदारांनी कधी कुणावर हातही उगारला नव्हता. वर्षानुवर्षे काउंटरच्या दोन्ही बाजूंना साठलेल्या कटुतेची वसुली अशी निरपराधांकडून झाली.

आपल्याकडे दुकानात बंदुका नसतात, वंशाचा तो इतिहासही नाही. तरीही जात, भाषा, पोशाख आणि पत्ता यांवरून माणूस जोखण्याची सवय आपल्याकडे आहेच.

कायदा काय म्हणतो

पुष्कळ दुकानमालकांची समजूत असते की गणवेशातील रक्षकाला पोलिसांसारखे काही अधिकार असतात. तसे काहीही नाही. कायद्याच्या दृष्टीने तो एक खासगी नागरिक आहे. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा २००५ चा केंद्रीय कायदा तर रक्षकाने पोलिस किंवा सैन्यासारखा दिसणारा गणवेश घालण्यासही मनाई करतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्ती दुसऱ्याला पकडू शकते. पण तिच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला असेल किंवा ती व्यक्ती घोषित फरारी गुन्हेगार असेल तरच, आणि विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, तिला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये असेही म्हटले आहे की चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची असेल. अशा किरकोळ चोरीचे वर्गीकरण अदखलपात्र आणि जामीनपात्र असे केलेले आहे. किराणा दुकानात पकडली जाणारी साबणाची वडी किंवा चॉकलेटचे पाकीट या मर्यादेच्या कितीतरी आत येते. म्हणजे ज्या गुन्ह्यात पोलिसांनाही वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही, त्यासाठी रक्षक माणसाला मागच्या खोलीत बसवून ठेवतो.

आपला माल परत मागण्याचा आणि पोलिसांना कळवण्याचा हक्क दुकानदाराला निश्चित आहे. बिल दाखवण्याची विनंतीही करता येते. पण संमतीविना अंगाची झडती घेणे, वाट अडवणे किंवा कोंडून ठेवणे हा हक्क त्याला नाही. उलट बेकायदा अडवणूक हा कलम १२६ खाली आणि बेकायदा कोंडून ठेवणे हा कलम १२७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. अठरा रुपयांच्या वस्तूसाठी केलेली दांडगाई दुकानदारालाच आरोपी करू शकते.

पिशवीच्या प्रश्नाकडे ग्राहक न्यायालयांचेही लक्ष गेले आहे. ग्राहकाने आणलेली पिशवी आत नेऊ द्यायची नाही आणि पैसे देण्याच्या वेळी दुकानाची पिशवी विकत घ्यायला लावायची, या प्रथेला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करायला शुल्कही पडत नाही आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी उपलब्ध आहे.

भुकेपोटी केलेल्या चोरीबाबत इटलीतील एक निकाल विचार करायला लावणारा आहे. जेनोवा शहरातील एका बाजारदुकानातून २०११ साली एका बेघर माणसाने चार युरो सात सेंट किमतीचे चीज आणि सॉसेज लपवून नेण्याचा प्रयत्न केला. खालच्या न्यायालयाने त्याला सहा महिने कैद आणि शंभर युरो दंड ठोठावला. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. तातडीची भूक भागवण्यासाठी अत्यल्प अन्न घेणे हा गुन्हा ठरत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, आणि प्रत्येक चोरी भुकेची असते असेही नाही. तरीही पकडलेल्या हाताकडे पाहताना त्या हाताला काय हवे होते, हे विचारायला तो सुचवतो.

गणवेशातला माणूस

या साऱ्यात रक्षकाला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. तो बहुधा त्याच वस्तीतला किंवा तशाच दुसऱ्या वस्तीतला असतो. कुणी मराठवाड्यातून दुष्काळाने शहरात आलेला, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून, कुणी गिरणी किंवा कारखाना बंद पडल्यामुळे उतारवयात काठी हाती घेतलेला. बारा-बारा तासांची पाळी अनेक ठिकाणी सर्रास चालते. दारात बसायला खुर्ची नसते. असलीच तरी बसलेला दिसला तर बोलणी खावी लागतात. ज्याची स्वतःची पिशवी घरी जाताना तपासली जाते, तोच दिवसभर इतरांच्या पिशव्या तपासतो. महिन्यात एकही 'चोर' पकडला नाही तर त्याचे लक्ष नाही, असे मालकाला वाटते. आणि माल कमी भरला तर कापलेल्या पगाराची भीती. वास्तविक वेतनविषयक कायद्यानुसार कामगाराच्या स्वाधीन केलेल्या मालाच्या नुकसानीबद्दलची कपात त्याच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल आणि त्याला आपली बाजू मांडू दिली असेल, तरच करता येते.

महाराष्ट्राने या वर्गासाठी फार आधी पाऊल उचलले होते. राज्याचा खासगी सुरक्षारक्षकांविषयीचा कायदा १९८१ चा आहे. त्याखाली शासन, मालक आणि रक्षक यांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षारक्षक मंडळे स्थापन झाली. मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा यांची हमी मिळते. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या नमुना नियमांत तर रक्षकाला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, आणि त्या अभ्यासक्रमात लोकांशी वागावे कसे हा विषयही आहे. स्वस्त ठेकेदाराकडून आणलेल्या, गणवेश चढवून थेट दारात उभ्या केलेल्या माणसाकडून या वागणुकीची अपेक्षा कशी करावी?

केरळमधील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि २०१८ साली त्या राज्याने दुकानकर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. दहा तास उभ्या असलेल्या, पाय सुजलेल्या माणसाच्या तोंडून मृदू शब्द निघत नाहीत, हे जाणायला फार विद्वत्ता लागत नाही. रक्षकाला खुर्ची देणे हा ग्राहकाशी नीट वागण्याचाच एक भाग आहे.

दुकानदाराच्या हातात काय आहे

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, नियम सर्वांना एक असावा. बिल पाहायचे तर गाडीतून उतरलेल्याचेही पाहावे आणि पायी आलेल्याचेही. नाही तर कुणाचेच पाहू नये. दुसरा, पिशवी काढून घेण्याऐवजी तिच्या तोंडाला प्लॅस्टिकची पट्टी लावून ती ग्राहकाच्याच हाती राहू द्यावी. त्या पिशवीत औषधे असतात, मुलाचे दप्तर असते, कधी दिवसभराची मजुरी असते. तिसरा, महाग आणि लहान वस्तू काउंटरजवळ, नजरेच्या टप्प्यात ठेवाव्यात. मोहाची जागाच कमी केली की झडतीची गरज कमी होते. चौथा, शंका आली तर पहिले वाक्य "काही मदत हवी का?" हे असावे. चोराला ते पुरेसे असते आणि साध्या ग्राहकाला ते आदरातिथ्य वाटते.

पाचवा, विचारपूस करायचीच झाली तर ती चारचौघांत करू नये, स्त्री-ग्राहकाशी स्त्री-कर्मचाऱ्यानेच बोलावे, आणि मूल असेल तर त्याच्या घरच्यांना बोलवावे. सहावा उपाय बहुतेकांना जड जातो. शंका खोटी ठरली तर क्षमा मात्र चारचौघांतच मागावी. ज्यांच्यासमोर आळ आला त्यांच्यासमोरच तो पुसला गेला पाहिजे. मालकाने किंवा व्यवस्थापकाने स्वतः पुढे येऊन "ताई, आमची चूक झाली" एवढे म्हटले, तर गेलेले गिऱ्हाईक परत येते. रक्षकावर ढकलून मालक केबिनमध्ये बसून राहिला तर येत नाही.

आणि सातवा उपाय हिशेबाचा. दाराजवळ एक साधी वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत: किती जणांना थांबवले, किती जणांकडे खरोखर काही सापडले, आणि सापडलेल्या मालाची किंमत किती. नावे लिहू नयेत, फक्त आकडे. ही वही महिनाअखेरीस मालकाने स्वतः, गल्ल्याच्या वहीइतक्याच बारकाईने पाहावी. पहिला रकाना शंभराचा आणि दुसरा दोनचा निघाला, तर अठ्ठ्याण्णव निर्दोष माणसे त्या दारातून मान खाली घालून गेली, असा त्याचा अर्थ. साठ्याची तूट जशी ताळेबंदात दाखवावी लागते, तशी ही तूटही मालकाला निदान स्वतःपुरती दाखवता आली पाहिजे. एकदा आकडा समोर आला की रक्षकाला काय सूचना द्यायची, हे कुठल्याही सल्लागाराला विचारावे लागणार नाही.